मोजणीबाईंचं कार्ड

सकाळी साडेसहा ते साडेसात आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही. त्या दिवशीही दूध वर यायच्या बेतात होतं, इस्त्री तापत होती आणि ह्यांचा चष्मा हरवला होता. तो सापडेपर्यंत ह्यांना दिसत नव्हतं, आणि दिसत नसल्यामुळे तो सापडत नव्हता. मी एका हाताने गॅस बारीक करत, दुसऱ्याने डब्याचं झाकण दाबत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल धडधाकट असताना दार ठोठावणारं माणूस सहसा चांगली बातमी आणत नाही.

दारात माझी भाची, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. हातात कपड्यांची लहान बॅग, काखेत निळी फाइल, केस कसेबसे बांधलेले.

“मावशी, मी राहायला आलेय. किती दिवस ते विचारू नकोस.”

“आधी आत तर ये. चहा टाकते.”

आतून ह्यांचा आवाज आला, “कोण आलंय गं?”

“चष्मा सापडला की कळेल.”

भाची हसली नाही. एरवी असल्या फुटकळ विनोदालाही ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. प्रकरण वरवरचं नाही, हे मला तिथेच कळलं.

चार महिन्यांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. एकविसावा आठवडा होता. आम्ही सगळ्यांनी तेव्हा जे करता येतं ते केलं, म्हणजे जवळ बसलो, जेवायचा आग्रह केला आणि बाकी गप्प राहिलो. आता तिने फाइल टेबलावर ठेवली आणि शेवटचा कागद माझ्यासमोर सरकवला. “वाच.”

तपासणीचा अहवाल होता. आकडे आणि नंबर सोडले तर मला समजण्यासारख्या दोनच ओळी होत्या. ‘क्रोमोसोम: सामान्य. लिंग: मुलगी.’ आणि खाली, ‘मृत्यूचे कारण आढळले नाही.’

“कळलं? बाळात काही दोष नव्हता. चांगली, व्यवस्थित मुलगी होती. म्हणजे जे केलं ते मी केलं. त्याच महिन्यात आम्ही घर बदललं ना, मी पुस्तकांचे खोके उचलले. स्टुलावर चढून पडदे काढले. हा सांगत होता राहू दे, मी ऐकलं नाही.”

“कुणी बोललं का तुला काही?”

“सासूबाई. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते. काल फाइल वाचली, मिटली आणि हळूच म्हणाल्या, ‘बाळात दोष नव्हता म्हणतायत. मग आता आपण काय समजायचं?’ बस, एवढंच.” तिने चहाचा कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. “मला परत जायचं नाही, मावशी. आणि पुन्हा मूल तर नकोच. एकाला मारलं, पुरे झालं.”

अठ्ठावीस वर्षांची पोर. हे वाक्य तिने इतक्या सरळ आवाजात म्हटलं, की दूध उतू गेलं तरी मी जागची हलले नाही.

त्या दिवशी जावयाचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा एकच प्रश्न, “जेवली का ती?” गरीब स्वभावाचा मुलगा. पाण्याचे पंप विकतो, आणि आवाज करण्याचं काम पंपांवरच सोडलेलं.

दुपारी भांडी आवरताना मला मोजणीबाईंची आठवण झाली.

मोजणीबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. हे नाव त्यांना इमारतीतल्या पोरांनी दिलं. गोट्या खेळताना कुणाची जवळ पडली यावरून हमरीतुमरी झाली, की बाई पर्समधून पांढरा दोरा काढून अंतर मोजून देत. दोनदा मोजत, एकदा या टोकाकडून आणि एकदा त्या टोकाकडून. मग निकाल. त्यावर अपील नाही. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मोहरीपेक्षा लहान स्क्रू चिमट्यात धरून त्यांच्या हातात देण्याचं काम बाईंनी वयाच्या सातव्या वर्षी सुरू केलं. कॉलेज काही जमलं नाही. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागल्या. तिथले म्हातारे डॉक्टर एकदा काही मोजत होते, आकडा जुळत नव्हता, चिडचिड चालली होती. बाटल्या धुणारी पोरगी मागून म्हणाली, “सर, पट्टी तिरकी धरलीय तुम्ही.” डॉक्टरांनी वळून पाहिलं आणि पट्टी तिच्या हातात दिली. मग संध्याकाळचे वर्ग, तंत्रज्ञाची परीक्षा, दोनदा नापास, तिसऱ्या खेपेला पास. आणि त्यानंतर चौतीस वर्षं तीच खोली, तेच टेबल.

काय मोजतात, हे इमारतीत कुणाला धड माहीत नव्हतं. “हॉस्पिटलात असतात” यावर सगळ्यांचं समाधान. मला कळलं तेही गच्चीवर कपडे वाळत घालताना. जी बाळं पोटात जातात किंवा फार लवकर येतात, ती त्यांच्या टेबलावर येतात. नाव नसतं, फक्त नंबर असतो. बाई त्यांना डोक्यापासून टाचेपर्यंत बघतात, मोजतात आणि एका कार्डावर पेन्सिलने लिहून ठेवतात.

“तुम्हाला भीती नाही वाटत?” मी विचारलं होतं.

“पहिली दोन वर्षं जेवण जायचं नाही,” चादरीचं टोक माझ्याकडे फेकत त्या म्हणाल्या. “मग लक्षात आलं, आपल्याइतकं नीट बघणारं त्यांना दुसरं कुणी भेटणारच नाही. धरा, ओढून धरा, सुरकुत्या राहतायत.”

मग सांगत गेल्या. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस क्रोमोसोम असावे लागतात. आईकडून निम्मे, बापाकडून निम्मे. त्यात एखादा जास्त आला किंवा कमी पडला, की सगळ्या बांधणीवर त्याचा हात फिरतो. तेरावा जास्त असेल तर पुष्कळदा ओठ दुभंगलेला असतो, हाताला सहावं बोट, डोळे अगदी जवळजवळ. एकविसावा जास्त असेल तर मानेमागची कातडी जाडसर, पायाच्या अंगठ्याशेजारी मोकळी फट, तळहातावर एकच आडवी रेघ. ज्या मुलींना एक क्रोमोसोम कमी मिळतो, त्यांच्या मानेला कधीकधी दोन्ही बाजूंनी पाण्याच्या पिशव्या धरतात.

“पण वहिनी, एकट्यादुकट्या खुणेवर जायचं नाही. चार खुणा एकमेकींना दुजोरा देतात तेव्हा मी कान टवकारते. एकच आडवी रेघ तर आमच्या ह्यांच्याही हातावर आहे, आणि घोरण्यापलीकडे त्यांच्यात काही दोष निघालेला नाही.”

गच्चीच्या कोपऱ्यात झाडांना पाणी घालणारे त्यांचे यजमान म्हणाले, “ऐकू येतंय मला. लग्नाआधी हिने मला मोजून घेतलंच होतं. कमी भरलो. पण दुकान बंद झालं होतं, परत कुठे करणार?”

बाईंच्या कार्डाची एक पद्धत होती, ती त्यांची स्वतःची. डावी बाजू ‘नीट’, उजवी बाजू ‘वेगळं’. आणि डावी बाजू पूर्ण भरल्याशिवाय उजवीकडे पेन्सिल न्यायची नाही. नवे डॉक्टर हसायचे. म्हणायचे, बाई, दोष शोधायचाय, तर दोषापासून सुरुवात करा. “डोळा आगाऊ असतो,” बाई मला म्हणाल्या होत्या. “सहावं बोट दिसलं की तिथेच बैठक मारतो, मग पाठीचा कणा बघायचा राहून जातो. आणि त्या पोराची ओळख काय, नुसता फाटका ओठ? टाळू, भुवया, कणा, जे जे नीट झालंय ते आधी. मग बाकीचं.” प्रत्येक माप दोनदा घ्यायचं, दुसऱ्यांदा उलट्या टोकाकडून, आणि तेव्हा पहिला आकडा अंगठ्याखाली झाकायचा. नाहीतर हात आपोआप तोच आकडा काढून देतो म्हणे.

तर अशा बाईंकडे संध्याकाळी पाच वाजता मी भाचीला घेऊन गेले. ती यायला तयार नव्हती. “त्या काय नवीन सांगणार, लिहिलंय की सगळं.” मी म्हटलं, “मला ते इंग्रजी शब्द समजत नाहीत, माझ्यासाठी चल.” खोटं बोलले. कळत होतं तेवढं मला पुष्कळ होतं; कुणीतरी माहीतगार माणसाने तिला धीराचे चार शब्द सांगावेत, एवढाच माझा स्वार्थ.

बाईंनी हात पुसले, चष्मा लावला, फाइल पहिल्या पानापासून वाचली. शेवटच्या पानावर वरच्या कोपऱ्यातल्या नंबरापाशी त्यांचं बोट थांबलं. “ही तर आमच्याकडची आहे.” आणि त्यांनी फाइल मिटली. “मग मला यावर बोलता येणार नाही. घरच्यांना सांगायचं ते डॉक्टरांनी. नियम आहे आमचा.”

मला राग आला. शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही! पण भाची पुढे सरकली. “काकू, नियमातलं काही विचारत नाही. फक्त एवढं सांगा, ती कशी होती? मला बघू दिलं नाही कुणी. सासूबाई म्हणाल्या, बघू नकोस, डोळ्यांसमोरून जाणार नाही. आता काही न बघता पण जात नाहीये.”

“ती?” बाईंनी विचारलं.

“मुलगी होती ना.”

बाईंनी फाइल पुन्हा उघडली. टेबलावरचं पेन घेतलं, फाइलवरचा नंबर डाव्या तळहातावर लिहिला आणि फुंकर मारून वाळवला. “मला थोडे दिवस द्या,” एवढंच म्हणाल्या.

पुढचं मला सगळं उशिरा कळलं, काही बाईंकडून आणि बरंचसं त्यांच्या यजमानांकडून, कारण बाई स्वतःबद्दल सांगताना अर्धं गाळतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून त्या नंबराचं कार्ड काढलं. त्यांना ते बाळ अंधुक आठवत होतं, पण आठवणीवर त्या कधीच काही ठरवत नाहीत. डावीकडे लिहिलेलं होतं: अंदाजे एकवीस आठवडे. मुलगा. कणा सरळ, बंद. ओठ अखंड. टाळू अखंड. भुवया आल्या आहेत. दोन्ही हातांना पाच-पाच बोटं. आणि उजवीकडे: वजन वयाच्या मानाने कमी. दोन्ही मुठी घट्ट. अंगठ्याजवळचं बोट मधल्या बोटावर चढलेलं, करंगळी शेजारच्या बोटावर. उलगडली तरी पुन्हा तशीच मिटतात. टाचा मागे आलेल्या, तळपाय होडीच्या बुडासारखे गोल. कान खाली बसलेले. हनुवटी लहान. नाळेत दोनऐवजी एकच धमनी. खाली त्या मुठींचं चित्र, पेन्सिलीचं, खऱ्या मापाचं.

चौथा शब्दच ‘मुलगा’. आणि अहवाल म्हणत होता मुलगी. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई कार्ड घेऊन विभागप्रमुख मॅडमकडे गेल्या. अहवालावर सही मॅडमची होती.

मॅडम हुशार, स्वभावाने वाईट नाहीत, पण डोक्यावर कामाचा डोंगर. त्यांनी कार्डाकडे एकदा पाहिलं. “बाई, इतक्या लहान वयात मुलगा-मुलगी ओळखताना चूक होऊ शकते.”

“बाराव्या आठवड्यात होऊ शकते. तेव्हा मी लिहीतच नाही. एकविसाव्यात नाही होत.”

“त्या दिवशी दोन नंबर आले असतील, अदलाबदल झाली असेल.”

“नोंदवही बघून आले. एकच आलं होतं.”

“मशीन चुकत नाही हो.”

“मशीनने मोजलं ते बरोबरच मोजलं असेल, मॅडम,” बाई म्हणाल्या. “पण मोजलं कुणाला?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आवाज मात्र चढला. चार महिन्यांनी एका पेन्सिलीच्या कार्डावरून सही केलेला अहवाल उघडायचा म्हणजे काय ते बाईंना कळतंय का? आणि कार्ड चुकीचं निघालं, तर चौतीस वर्षांची सगळी कार्डं संशयात येतील, निवृत्तीला चारच महिने राहिलेत, याचा विचार केलाय का?

“केलाय. काल रात्री जेवताना केला, आज सकाळी येताना केला.” बाईंनी कार्ड मॅडमच्या अगदी समोर सरकवलं. “समजा मुलगा लिहिताना चुकले. मग मुठी? टाचा? कान? नाळ? एकाच बाळात एवढ्या चुका केल्या, आणि सगळ्या जास्तीच्या अठराव्या क्रोमोसोमकडेच बोट दाखवतायत? एवढी शिस्तीत चुकणारी बाई तुम्ही इतकी वर्षं ठेवलीत कशी?”

मॅडम हसल्या म्हणे. नाइलाजाने, पण हसल्या. मग त्यांनी कार्ड हातात घेऊन पहिल्यांदा नीट वाचलं, डावीकडून उजवीकडे.

बाळाच्या शरीराचा एक बारीकसा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवलेला असतो. तसे सगळ्यांचे ठेवतात. त्या तुकड्याची तपासणी पुन्हा करायची ठरली. उत्तराला पंधरा दिवस.

ते पंधरा दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांच्या यजमानांनी सांगितलं. “आमच्याकडचा दोरा संपला. गव्हाच्या डब्यापासून माझ्या पोटापर्यंत सगळं मोजून झालं.” आमच्या मजल्यावरून जाताना बाई चपला हातात घेऊन जिना चढत, भाची समोर येऊ नये म्हणून. मला वाटलं, फाइलची ब्याद नको म्हणून टाळतायत. मनातल्या मनात मी त्यांना बरंच काही बोलून घेतलं. भाची इकडे दिवसेंदिवस गप्प. नवऱ्याचा फोन आला की स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसायची. “घरी ये ना,” तो म्हणायचा. “कोणासाठी?” ती विचारायची. एकदा तो म्हणाला, “खोके अजून उघडले नाहीत, तुझी पुस्तकं तशीच आहेत.” हिने फोनच बंद केला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, खोके हा शब्दच तिला चावतो.

सोळाव्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला. दोघांनी यावं, घरच्यांना आणायचं असेल तर आणावं.

मॅडमच्या खोलीत आम्ही पाच जण मावलो कसेबसे. भाची, जावई, तिच्या सासूबाई, मी, आणि भिंतीला टेकून उभ्या मोजणीबाई, पांढऱ्या कोटात. सासूबाई भाचीपासून एक खुर्ची सोडून बसल्या होत्या.

मॅडमनी प्रस्तावना केली नाही. “पहिल्यांदा मी माफी मागते. तुम्हाला दिलेला अहवाल चुकीचा होता. चूक आमची.”

जावयाने खुर्ची पुढे ओढली.

“तुमच्या बाळाची तपासणी आम्ही वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या तुकड्यावरून केली होती. वारेला आईच्या बाजूचं अस्तर चिकटलेलं असतं. ते नीट काढून टाकावं लागतं. ते राहिलं. बाटलीत पेशी वाढवायला ठेवल्या, तेव्हा बाळाच्या वाढल्याच नाहीत आणि आईच्या वाढल्या. आम्ही त्याच तपासल्या. मग मुख्य अहवाल लिहिणाऱ्यांनी त्यावरूनच बाकीचं लिहिलं, बाईंचं कार्ड उघडलंच नाही. मीही न बघता सही केली.”

भाचीच्या कपाळावर आठ्या पडल्या. “म्हणजे ती सामान्य मुलगी...”

“तुम्ही. तो अहवाल तुमचाच होता.”

“अगंबाई!” सासूबाईंच्या तोंडून निघालं. मग सावकाश, स्वतःशीच बोलल्यासारखं, “म्हणजे मी सुनेचाच दाखला हातात घेऊन सुनेला दोष देत बसले होते?”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “आणि दाखला उत्तम आहे.”

पुन्हा केलेल्या तपासणीचं उत्तर त्यांनी मग सांगितलं. बाळ मुलगा होता. त्याच्या प्रत्येक पेशीत अठराव्या क्रोमोसोमच्या दोनऐवजी तीन प्रती होत्या. अशी बाळं बहुतेक पोटातच जातात, जन्मली तरी फार थोडी तग धरतात. ही गडबड पेशी विभागताना आपसूक होते, कुणाच्या हातात नसते. पुन्हा तसंच होण्याची शक्यता थोडी असते. पुढच्या वेळी लवकर तपासण्या करता येतील.

“खोक्यांमुळे नाही?” भाचीने विचारलं. आवाज इतका बारीक, की मॅडमना पुढे वाकावं लागलं.

“खोक्यांचा काडीचा संबंध नाही. दिवस गेल्याचं तुम्हाला कळलं ना, त्याच्याही आधी हे ठरून गेलेलं होतं. त्या वेळी तुम्ही घर काय, गाव उचललं असतं तरी फरक पडला नसता.”

“मी चार महिने हेच सांगतोय हिला!” जावई एकदम म्हणाला. त्याचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“तू पंप विकतोस, तुझं कशाला ऐकू?” भाची म्हणाली, आणि हसली. मग ते हसणं कधी फुटलं, कधी हुंदका झालं, ते तिलाही कळलं नसावं. जावयाने तिचा हात धरला. सासूबाई उठल्या, मधली रिकामी खुर्ची पायाने बाजूला केली आणि तिच्याजवळ उभ्या राहिल्या.

“त्या दिवशी बोलले ते मी मागे घेते,” त्या म्हणाल्या. “या सगळ्यांच्या देखत घेते, म्हणजे उद्या मला शब्द फिरवता यायचा नाही.”

भाचीने डोळे पुसले आणि भिंतीकडे वळली. “काकू, आता तरी सांगा. कसा होता?”

बाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. बाईंनी खिशातून कार्ड काढलं, चष्मा सारखा केला आणि डाव्या बाजूपासून वाचायला लागल्या. “कणा सरळ. ओठ अखंड. टाळू अखंड. भुवया आल्या होत्या.”

“कुणासारख्या?”

“ते मोजता येत नाही गं.”

आम्ही सगळेच हसलो, ओल्या डोळ्यांनी. बाईंनी वाचन थांबवलं नाही. एका हाताची बोटं पाच, दुसऱ्या हाताची पाच. पाऊल तेहतीस मिलिमीटर. “म्हणजे केवढं?” जावयाने विचारलं. बाईंनी अंगठा आणि तर्जनी थोडी फाकवून दाखवली. तो तेवढ्या अंतराकडे बघत राहिला. मग स्वतःची बोटं तशीच धरली आणि भाचीला दाखवली. त्यानंतर बाईंनी उजवी बाजूही वाचली, काहीही न गाळता. कार्डावरच्या मुठी दाखवल्या. भाचीने त्या चित्रावर बोट ठेवलं, चढलेल्या त्या लहानशा बोटावर. कुणी तिला बघू नकोस म्हणालं नाही.

“फार सुरेख काढलंय हो,” ती म्हणाली.

त्याच दुपारी ती आमच्याकडे येऊन बॅग भरायला लागली. जावई पुढे झाला तर त्याच्या हातातून बॅग ओढून घेतली. “सोड. मला उचलू दे.” आणि दोन जिने ती बॅग दणदण वाजवत उतरली, खाली पोचेपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं. सासूबाई मागून ओरडत होत्या, “अगं हळू, पडशील!” आणि ही खालून, “पडले तर तुमच्याच नावावर!” गेल्या चार महिन्यांत त्या घरातलं कुणी कुणाला असं ओरडलं नव्हतं. आठवड्याभराने तिचा फोन आला, तेव्हा मागे काहीतरी फाडल्याचा आवाज येत होता. “खोके उघडतेय, मावशी. आणि ऐक, हा म्हणतो एवढ्यात नको, मी म्हणते बघू.” ‘नकोच’ वरून ‘बघू’ वर आली होती पोर.

बाईंची मी माफी मागितली, मनातल्या मनात जे जे बोलले होते त्या सगळ्याची. “बोलला होतात हे मला कुठे माहीत होतं?” त्या म्हणाल्या. “आता सांगितलंत तर सगळं सांगा.” आणि त्यांनी खरंच बसवून सगळं वदवून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी चारला मॅडम स्वतः वरच्या मजल्यावर आल्या. मलाही बोलावणं आलं. हॉस्पिटलच्या वरिष्ठांनी बाईंचा सत्कार करायचं ठरवलं होतं, निवृत्तीची वाट न बघता, पुढच्याच महिन्यात, मोठ्या सभागृहात. पत्र आणलं होतं. बाईंच्या यजमानांनी ते मोठ्याने वाचलं; ‘अचूक’ हा शब्द आला तिथे थांबून परत वाचला आणि म्हणाले, “इतकी वर्षं मी हे सांगतोय तर म्हणते, लाडीगोडी लावू नका.”

बाई लाजल्या. चौतीस वर्षांत त्यांच्या खोलीत कुणी अभिनंदन करायला आलेलं नव्हतं. आता रोज एक-दोन नवे डॉक्टर येऊन टेबलाशी उभे राहतात, म्हणे, कार्ड कसं भरायचं ते बघायला. डावी बाजू आधी का, असं विचारतात. हसत कुणी नाही.

“बाई, सत्कार वेगळा,” मॅडम म्हणाल्या. “मला माझ्याकडून काहीतरी करायचंय. खोलीत काय हवं ते सांगा. नवी मोजपट्टी, चांगला दिवा, मदतीला माणूस. जे म्हणाल ते.”

“खुर्ची मागून घे,” यजमान कुजबुजले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. “डुगडुगते म्हणत होतीस.”

“खुर्चीखाली मी पुठ्ठा घातलाय,” बाई म्हणाल्या. त्यांनी कप बशीत ठेवला आणि मॅडमकडे सरळ पाहिलं.

“अहवालावर सही करण्याआधी त्याच नंबरचं कार्ड शेजारी ठेवत जा, आणि दोन्ही वाचत जा. मी नसेन तेव्हाही.”